पप्पांचं पदनाम

पप्पांची नखं कायम गुलाबी असायची. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या. पप्पा ड्युटीवरून जिना चढून आले की एखादी हमखास विचारायची, "काय हो, आज कोणाच्या लग्नाची मेंदी?" पप्पा हात खिशात घालायचे आणि हसून घरात शिरायचे. तो रंग टीबीच्या तपासणीतला. पेशंटची थुंकी काचेच्या पट्टीवर पसरायची, त्यावर तो गुलाबी रंग ओतायचा, खालून स्पिरिटच्या दिव्याने वाफ येईपर्यंत तापवायचं, मग आम्लाने धुवायचं आणि वरून निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं, टीबीचा जंतू तेवढा लाल राहतो. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पप्पांनी तीसेक वर्षं हेच काम केलं.

चाळीत त्यांना सगळे 'लॅबवाले' म्हणायचे. कोणाच्या घरात खोकला लांबला आणि रिपोर्ट हातात आला की माणूस आधी आमच्या दारात, मग डॉक्टरकडे. पप्पा चष्मा लावायचे, कागद खिडकीपाशी नेऊन वाचायचे आणि घाबरलेल्या माणसाला आधी चहा द्यायला सांगायचे. आई वैतागायची, कारण चहा तिला करावा लागायचा. पण तिच्या वैतागात थोडी ऐटही होती, हे मला लहानपणीच कळलं होतं.

कागदावर मात्र ते लॅबवाले नव्हते. विशीत नोकरीला लागले ते सफाई कामगार म्हणून. तेव्हा लॅबमध्ये पट्ट्या रंगवणारा माणूस लांब रजेवर गेला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी फरशी पुसणाऱ्या पप्पांना हाक मारून विचारलं, हे करशील का? रजेवरचा माणूस परत आलाच नाही आणि पप्पा त्या स्टुलावर बसले ते निवृत्त होईपर्यंत. नवीन आलेले शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडूनच मायक्रोस्कोप लावायला शिकायचे, आणि मोठे झाले की ओळख विसरायचे. गरज सरो, वैद्य मरो. इथे मरायचा तो वैद्यही नव्हता.

पदनाम बदलून मिळावं म्हणून पप्पा दर दोन-तीन वर्षांनी अर्ज करायचे. सुंदर अक्षरात, समास सोडून. आधी उत्तर यायचं की पद रिक्त नाही. मग यायला लागलं की शैक्षणिक पात्रता नाही. शेवटी शेवटी उत्तरच यायचं बंद झालं. सगळ्या अर्जांच्या प्रती त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या कागदावरही तोच जुना शब्द होता. तो त्यांनी त्याच पिशवीत घातला आणि पिशवी कपाटावर टाकली. माझ्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'लॅब' असं लिहिलं होतं. पुढे कॉलेजात मी फॉर्म भरायला लागले तेव्हा मीही तेच लिहीत गेले.

त्यांच्या आजोबांनी गावात जे काम केलं ते आपल्या मुलीने ऐकायलाही नको, असं ते आईला म्हणायचे. आमच्या घरात झाडू या विषयावर विनोद चालत नसत. एवढं सांगितलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

मे महिन्याच्या सुट्टीत कधीतरी ते मला बरोबर न्यायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. स्टुलावर उशी ठेवून मला बसवायचे आणि म्हणायचे, "लाल काडी दिसली की सांग. घाई नको. शंभर फिल्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही. नव्याण्णवला जंतू नसतो, शंभराव्याला असतो, आणि माणूस मरतो." फिल्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा गोल तुकडा. मी मोजता मोजता कंटाळायचे. ते कधी कंटाळलेले मला आठवत नाहीत. लोक विचारतात, विज्ञानाची आवड कशी लागली? तर अशी लागली. माझ्या घरात एक शास्त्रज्ञ होता, त्याला फक्त तसं कोणी म्हणत नव्हतं.

पीएचडीला प्रवेश मिळाला तोही परळमध्येच, घरापासून चालत बारा मिनिटांवर. माझा विषयही टीबीचाच होता. आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये हा जंतू लपून बसतो. तिथे त्याला एक जुनं औषध आणि एक नवं रसायन एकत्र दिलं तर किती जंतू उरतात, हे मी मोजत होते. पाचव्या वर्षी माझी फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. माझ्यासोबतच्या मुलामुलींचे कोणाचे काका अमेरिकेत, कोणाच्या मावशीच्या ओळखीचे सर. माझ्या काकांची ओळख फार तर शीवच्या हॉस्पिटलात लवकर केसपेपर काढून देण्यापर्यंत.

त्याच वर्षी ती परिषद जाहीर झाली. जैववैद्यकीय संशोधनात आलेल्या वंचित आणि अल्पसंख्याक समाजातल्या विद्यार्थ्यांना आधार द्यायचा म्हणून दोन दिवसांची परिषद, परळच्याच एका वातानुकूलित सभागृहात. पोस्टर, व्याख्यानं, मार्गदर्शन. आणि शेवटी निवडलेल्या एकाच विद्यार्थ्याला परदेशातल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम. एकच जागा. मला ती हवी होती. इतकी, की त्या दिवसांत मी दुसरं काही धड ऐकत नव्हते.

अर्जासोबत जातीचा दाखला लागतो हे पाठ होतं. या वेळी पालकांच्या व्यवसायाचा पुरावाही मागितला होता. मी कपाटावरची पिशवी काढली, निवृत्तीचा कागद स्कॅन केला आणि जोडला. पप्पांना विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय, असं तेव्हा वाटलं.

अंतिम फेरीत आम्ही सहा जण आलो. प्रत्येकाला बोलायला दहा मिनिटं. आमची तयारी करून घ्यायला एक मॅडम नेमल्या होत्या. बाई हुशार, प्रेमळ, खादीची साडी, दादरला ऑफिस. आमच्यासाठी त्यांनी वेळ दिला, खाऊ घातलं, हे मी नाकारत नाही. मी माझे आलेख दाखवले, दहा मिनिटं बोलून दाखवलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, सायन्स छानच आहे तुझं. पण सायन्स काय, सगळ्यांचंच असतं. तुझी स्टोरी फक्त तुझी आहे. ती कुठे आहे?"

माझ्याबरोबर रे रोडहून येणारी एक मुस्लिम मुलगी होती. तिचे वडील लाकडाच्या वखारीत कामाला. ती किडनीच्या पेशींवर काम करत होती. तिला मॅडम अगदी हळहळून म्हणाल्या, "तू लंग्जवर का नाही गं केलंस? वखार, भुसा, वडिलांचा दमा, किती सुंदर लिंक बसली असती!" ती म्हणाली, "मॅम, अब्बूला दमा नाही." मॅडमना त्याचंही थोडं वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, "मी किडनीच सांगणार. तू?" मी म्हटलं, बघू. या 'बघू'ची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या बैठकीत मॅडमनी माझी फाइल उघडली. मी भाषणात लिहिलं होतं की माझे वडील हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पट्ट्या रंगवायचे आणि मायक्रोस्कोप मी त्यांच्याकडून शिकले. त्यांनी निवृत्तीचा कागद पुढे केला. "अगं, इथे तर सफाई कामगार लिहिलंय."

मी सगळं सांगितलं. रजेवरचा माणूस, डॉक्टरीणबाई, अर्ज. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पण ज्युरीपुढे हा कागद आहे ना? तू लॅब म्हणालीस आणि त्यांना इथे वेगळं दिसलं तर? खोटं ठरेल ते. आणि खरं सांगू? सफाई कामगाराची मुलगी आणि लॅब असिस्टंटची मुलगी, यात फार फरक पडतो गं. हे ऐकल्यावर लोक सरसावून बसतील."

म्हणजे पप्पांनी तीस वर्षं केलेलं काम खोटं आणि त्यांना न मिळालेलं पद खरं. मी तिथे उठायला हवं होतं. उठले नाही. मनात एक पळवाट काढली: आधी म्हणायचं की ते सफाई कामगार म्हणून लागले, आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगायचं की तिथून ते लॅबमध्ये कसे गेले. कागदही राखला जाईल आणि पप्पाही. मॅडमना मी तसं सांगितलं. "हो, वेळ उरला तर घे ते वाक्य," त्या म्हणाल्या.

परिषदेचा पहिला दिवस पोस्टरचा होता. दारात नाव विचारून गळ्यात पट्टा घातला. तज्ज्ञांचा निळा, आमचा पिवळा. उद्घाटनाला व्यासपीठावर आठ जण बसले होते आणि आठांतला एकही आमच्यातला नव्हता. आत्मविश्वास कसा वाढवावा यावर एक तास झाला. इंग्रजी कसं सुधारावं यावर एक तास झाला. 'मार्गदर्शकासोबत दहा मिनिटं' नावाचा प्रकार होता. त्यात एका ज्येष्ठ सरांनी माझ्या दहातली सात मिनिटं मी कुठे राहते, घरात किती माणसं, संडास घरात आहे की बाहेर, हे विचारण्यात घालवली. उरलेल्या तिनात ते म्हणाले, "खूप मोठी झेप आहे तुमची." माझं रसायन कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. पोस्टरपाशी निळे पट्टे आले, कौतुक केलं, खांद्यावर हात ठेवून फोटो काढले. "वेरी इन्स्पायरिंग." पुढच्या पोस्टरकडे गेले. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर शेळीची नाडी कोण बघतो?

पप्पा दुपारी आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, भांग पाडलेला. पोस्टरवरचं इंग्रजी त्यांना सगळं वाचता येत नव्हतं, पण मधोमध लावलेले मायक्रोस्कोपचे फोटो त्यांना वाचता येत होते. ते हात मागे बांधून एकेका फोटोसमोर उभे राहिले. औषध न दिलेल्या पेशी. मग औषध दिलेल्या. तिथे थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे फिकट दिसतायत, ते मोजलेस काय?"

"कुठले फिकट?"

त्यांनी बोट लावलं. निळ्या पेशीत एक पुसट, तुटक, गुलाबीसर रेघ. मग तिच्या शेजारी आणखी एक. मी तो फोटो स्वतः काढला होता, शंभरदा बघितला होता, आणि मला त्या रेघा दिसल्या नव्हत्या.

"औषध चालू असलेल्या पेशंटच्या थुंकीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असे यायचे," पप्पा म्हणाले. "रंग नीट धरत नाहीत. घाईत बघणारा सोडून देतो. पण ते सगळे मेलेले नसतात. काही झोपलेले असतात. आमच्याकडे असे सोडलेले पेशंट वर्षाने परत यायचे, जास्त आजारी होऊन. काही रंगाचे नुसते डागही असतात, ते मोजायचे नाहीत. डोळा बसावा लागतो. तू मोजलेस?"

"नाही, पप्पा."

"मग तुझा आकडा चुकला."

दोन दिवसांत माझ्या कामाबद्दल मला कोणी विचारलेला तो एकमेव प्रश्न. निळ्या पट्ट्यांच्या त्या गर्दीत विज्ञान करणारा एकच माणूस होता आणि त्याच्या गळ्यात पट्टाच नव्हता. मला धक्का बसला होता, पण पप्पा खूश होते. खूप दिवसांनी त्यांच्या हाताला काम लागलं होतं. "टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले. "परिषद होऊ दे. फोटो घरी आण, आपण दोघं बसून मोजू. तुला शिकवतो." जाताना त्यांनी मला विचारलं, उद्या भाषणात काय सांगणार? मी म्हटलं, या कामाबद्दलच. ते बरं म्हणाले आणि दोन समोसे रुमालात बांधून आईसाठी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पप्पा आणि आई पुढून दुसऱ्या रांगेत बसले. पालकांना मुद्दाम पुढे बसवलं होतं, कॅमेऱ्यासाठी. माझ्या आधी रे रोडची मुलगी बोलली. दहाच्या दहा मिनिटं किडनीच्या पेशी. शेवटची स्लाइड, आभार, आणि बसली. तिचे वडील कुठे काम करतात, ती काय खाऊन मोठी झाली, एक अक्षर नाही. टाळ्या पडल्या त्या सभ्यपणाच्या. समोरच्या रांगेतले एक सर घड्याळ बघत होते.

मग मी. बोलणं इंग्रजीत होतं. चाळीपासून सुरुवात केली, मॅडमनी सांगितलं तसं. दहा बाय बाराची खोली. सार्वजनिक नळ. अभ्यासाला गॅलरी. हे सगळं खरं आहे, पण त्या खोलीत आम्ही किती हसायचो, हे त्या इंग्रजीत बसत नव्हतं. मग ते वाक्य आलं. माझे वडील याच परळमधल्या एका हॉस्पिटलात स्वीपर होते.

ते कळायला इंग्रजी यावं लागत नाही. हॉस्पिटलात तो शब्द मराठी माणसंही तसाच वापरतात. पप्पांना पहिली काही वर्षं त्याच हाकेने बोलावलं जायचं.

आणि टाळ्या पडल्या. मी श्वास घ्यायला थांबले होते तेवढ्यात. पुढची रांग उभी राहिली, मागची तिच्या मागून. कोणीतरी पप्पांकडे बोट दाखवलं, सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले, कॅमेरा तिकडे गेला. मॅडम डोळे पुसत होत्या. माझं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं: पण त्यांनी ते काम फार थोडे दिवस केलं, तीस वर्षं त्यांनी टीबीचे जंतू ओळखले. टाळ्या थांबल्या. सभागृह शांत झालं. सगळे माझ्याकडे बघत होते, ओल्या डोळ्यांनी. त्या वाक्याला आठ सेकंद लागली असती. माझ्याकडे चार मिनिटं होती.

मी ते वाक्य बोलले नाही. पुढची स्लाइड लावली.

यात कोणी माझा गळा धरला नव्हता. मॅडमना दोष द्यायला मला आवडेल, आणि मी अनेक वर्षं दिलाही. पण त्या शांततेत माझ्यासमोर ती एक जागा दिसत होती, स्पष्ट, हात पुढे केला की हाताला लागेल अशी. मी हात पुढे केला.

निकाल तासाभरात लागला. जागा मला मिळाली. प्रमुख पाहुणे व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांनी पप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "आप जैसे लोगों की वजह से ये देश साफ है," असं काहीसं ते म्हणाले. फोटो निघाला. त्या फोटोत पप्पा हसताहेत. कोणीतरी विचारलं, कुठल्या डिपार्टमेंटला सफाई करायचात? पप्पा म्हणाले, "पॅथॉलॉजी." एवढंच. एरवी कोणी पॅथॉलॉजीचं नाव काढलं तरी तासभर बोलणारा माणूस.

आम्ही घरी आलो. पप्पा कपडे बदलून पाणी प्यायले आणि खाली नाक्यावर गेले. आईने दार लोटलं.

"चांगले पांग फेडलेस गं बापाचे."

"आई, कागदावर तेच आहे."

"मग कागदालाच न्यायचं होतंस तिकडे. इस्त्री करून त्यांना कशाला बसवलंस?"

मी रडले. आई नाही रडली. तिने भाकऱ्या थापल्या.

आठवड्याने नाक्यावरच्या मंडळाने फ्लेक्स लावला. माझा मोठा फोटो, खाली कमिटीवाल्यांचे तेरा छोटे फोटो, आणि लाल अक्षरांत: 'सफाई कामगाराच्या कन्येची परदेशी भरारी'. बातमी वर्तमानपत्रातून घेतली होती, त्यांनी प्रेमानेच लावला. मी जाऊन काढायला सांगितलं, तर कार्यकर्ता म्हणाला, "काय ताई, लाजायचं काय त्यात? अभिमानाची गोष्ट आहे." अभिमानाची गोष्ट आहे हे मला चौकातल्या पोराने शिकवावं, ही माझी लायकी झाली होती. सफाईच्या कामाची लाज नाहीच. पप्पांचे दोन भाऊ तेच करून निवृत्त झाले आणि कोणापुढे खाली मान घालून चालले नाहीत. पण पप्पांनी जे काम केलं ते दुसरं होतं. ते त्यांच्याकडून सरकारने कागदावर काढून घेतलं होतं आणि मी ते माइकवर काढून घेतलं.

गॅलरीतल्या बायका काही वाईट बोलल्या नाहीत. फक्त तिसऱ्या खोलीतली काकू एकदा आईला म्हणाली, "आम्हाला वाटायचं लॅबमध्येच होते." त्या पावसाळ्यात तिच्या सुनेचा थुंकीचा रिपोर्ट आला. तो आमच्या दारावरून पुढे गेला, सरळ खाजगी डॉक्टरकडे. पप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

जायच्या आधी माझा शोधनिबंध पूर्ण करायचा होता. तो आम्ही एका नियतकालिकाला पाठवला होता. तपासणाऱ्याची टिप्पणी आली. कुठल्या देशातला कोण, ते कळत नाही. त्याने विचारलं होतं: औषधानंतर रंग न धरणारे फिकट जंतू तुम्ही मोजलेत का? नसतील मोजले तर निष्कर्ष टिकणार नाही. माझ्या गाइडनी कपाळाला हात लावला. "हे यांना कसं सुचलं?" म्हणाले. मी म्हटलं, कोणालाही सुचेल, सर. असे जंतू प्लेटवर वाढत नाहीत, म्हणून वाढवून मोजायचा मार्ग बंद. डोळ्यानेच ओळखायचे. मी मोजायला बसले. एकदा मोजलं तर एक आकडा, दुसऱ्यांदा मोजलं तर त्याच्या दुप्पट. डाग कुठला आणि जंतू कुठला, मला कळत नव्हतं. लॅबमध्ये कोणालाच कळत नव्हतं. आता असं काम कोणी करत नाही, मशीन करतं, आणि मशीनला फिकट दिसत नाही.

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप घरी आणला. आई खाली गेली होती. पप्पा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मी त्यांच्यापुढे स्टूल ओढलं, लॅपटॉप ठेवला, पहिला फोटो मोठा केला.

"पप्पा, तुम्ही बोलला होतात ना, बसून मोजू. तिकडच्या माणसानेही तेच विचारलंय. अगदी तुमचाच प्रश्न."

त्यांनी चष्मा लावला. स्क्रीनकडे बघितलं. मला खात्री आहे, त्यांना दिसलं. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली आणि एका जागी थांबली, जशी जंतू सापडल्यावर थांबायची. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"मला यातलं नाही कळत गं."

"पप्पा, असं काय बोलता? तुम्हाला नाही तर कोणाला कळणार?"

"शिकलेली माणसं आहेत की तुमच्याकडे. त्यांना विचार." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते, भांडले असते. "मी झाडूपोछा करणारा माणूस. उगाच काहीतरी सांगेन, तुझं नुकसान व्हायचं."

"माझं चुकलं, पप्पा. मी पुढचं वाक्य बोलणार होते. खरंच बोलणार होते."

"मग?"

ते थोडा वेळ थांबले, खरोखर उत्तराची वाट बघत असल्यासारखे. मग रिमोट उचलून त्यांनी आवाज वाढवला.

सुधारलेला निबंध सोमवारी परत पाठवायचा होता. मी तिथेच, त्याच खोलीत, भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेतला आणि फिकट रेघा मोजायला लागले. मोजून झाल्यावर एक आकडा लिहिला. तो निबंधात छापला गेला, पुढे इतरांनी आपल्या निबंधांत घेतला, मला तिकडे त्यावरून ओळखतात. तो आकडा बरोबर आहे की चूक, मला आजही माहीत नाही. ते सांगू शकणारा माणूस माझ्यापासून चार हातांवर, माझ्याकडे पाठ करून क्रिकेट बघत होता.